साउथ स्ट्रीट कुठे गेली?

ब्रायटनचं मूळ गाव नकाशावर शोधायला फार कष्ट पडत नाहीत. वरच्या अंगाला नॉर्थ स्ट्रीट, उजवीकडे ईस्ट स्ट्रीट, डावीकडे वेस्ट स्ट्रीट. तीन बाजूंनी चौकट तयार होते. चौथ्या बाजूला नजर नेली की रस्त्याऐवजी इंग्लिश खाडीचं पाणी लागतं.

साउथ स्ट्रीट होती. कड्याच्या पायथ्याशी, खडीच्या किनाऱ्यालगत कोळ्यांची वस्ती होती. तिथे झोपड्या, जाळी, होड्या आणि दोरखंड वळण्याच्या जागा होत्या. समुद्र अनेक पिढ्या हा किनारा कुरतडत होता. १७०३ आणि १७०५ सालच्या प्रचंड वादळांनी उरलंसुरलं खालचं गाव पुसून टाकलं. कड्यावरचं गाव वाचलं आणि त्याच्या तीन बाजूंची नावं आजतागायत चालत आली. आज पर्यटक दुकानं पाहत ईस्ट स्ट्रीटने समुद्राकडे उतरतात, तेव्हा ते बुडालेल्या गावाच्या दिशेने चालत असतात.

रस्त्यांच्या नावांवर लिहिलेली पुस्तकं बहुधा नावाशी थांबतात : अमक्या राजाचं, तमक्या सरदाराचं. ब्रायटनमध्ये तेवढ्याने भागत नाही. इथे रस्त्याचं नाव आणि रस्त्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या माणसांनी ठरवल्या. नाव दिलं राजांनी, जमीनदारांनी आणि बांधकाम करणाऱ्यांनी. रस्ता कुठून जाणार, किती रुंद असणार आणि कुठे वळणार, हे मात्र बरंच आधी कोळ्यांनी, नांगऱ्यांनी आणि एका छोट्याशा ओढ्याने ठरवून ठेवलं होतं. त्यामुळे पाटी वाचायची आणि लगेच पायाखालीही पाहायचं, असा या शहराचा रिवाज करून घ्यावा लागतो.

चौकटीच्या आत शिरू. मिडल स्ट्रीट, शिप स्ट्रीट आणि ब्लॅक लायन स्ट्रीट हे तीन रस्ते उत्तरेकडून समुद्राकडे जवळजवळ समांतर उतरतात. १५१४ मध्ये फ्रेंचांनी हल्ला करून हे गाव जाळलं. त्या हल्ल्याचा एक जुना चित्र-नकाशा ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात घरांच्या रांगा चौकटीच्या कडांना दिसतात आणि मधोमध मोकळं शेत आहे. शेत गावाबाहेर असायचं ते गावाच्या पोटात कसं? कारण कोळ्यांना दोरखंड लागत, आणि दोरखंडांसाठी हेंप नावाचं तागासारखं पीक लागे. ते इथेच, घरांच्या मागे, लांबट वाफ्यांत घेतलं जाई. या वाफ्यांना हेंपशेअर्स म्हणत. पुढे वाफ्यांवर घरं आली आणि वाफ्यांच्या मधल्या वाटांचे रस्ते झाले. शिप स्ट्रीटवर आज चालताना तो इतका सरळ का, याचं उत्तर पिकाच्या ओळीत आहे.

नावं मात्र खानावळी आणि दारूभट्ट्यांवरून आली. ओल्ड शिप ही ब्रायटनची सर्वांत जुनी सराय; तिच्यावरून शिप स्ट्रीट. १६५१ मध्ये युद्ध हरलेला दुसरा चार्ल्स राजा वेश बदलून ब्रायटनला पोहोचला आणि निकोलस टेटरसेल नावाच्या कप्तानाच्या कोळसावाहू गलबतातून फ्रान्सला निसटला. राजा गादीवर परतल्यावर टेटरसेलला बक्षीस मिळालं आणि पुढे त्याने हीच सराय विकत घेतली. ब्लॅक लायन स्ट्रीटचं नाव ज्या मद्यशाळेवरून आलं ती डेरिक कार्व्हर या फ्लेमिश माणसाची. तो प्रॉटेस्टंट होता. मेरी राणीच्या राजवटीत त्याला शेजारच्या लूईस गावी १५५५ मध्ये जिवंत जाळलं. पाटीवर त्याचं नाव नाही, त्याच्या भट्टीवरच्या काळ्या सिंहाचं आहे. तरी मला ही पाटी शहरातल्या सगळ्या राजेशाही पाट्यांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्यामागे पोटापाण्यासाठी परक्या देशात येऊन, श्रद्धेसाठी प्राण दिलेला एक कारागीर उभा आहे.

या मोठ्या रस्त्यांच्या मधल्या पोकळीत बोळ आहेत. दोन भिंतींमधल्या अरुंद बोळाला ससेक्स परगण्यात ‘ट्विटन’ म्हणतात. काही ठिकाणी समोरून माणूस आला तर अंग चोरून उभं राहावं लागतं. मीटिंग हाउस लेन हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. क्वेकर पंथाच्या प्रार्थनागृहावरून त्याचं नाव पडलं. या सगळ्या बोळांना मिळून ‘द लेन्स’ म्हणतात आणि सोन्याचांदीच्या दुकानांसाठी ते ओळखले जातात.

ईस्ट स्ट्रीटच्या पलीकडे जमीन खोलगट होते. इथे ओल्ड स्टीन हा मोठा मोकळा चौक आहे. अठराव्या शतकापर्यंत कोळी इथे जाळी वाळत घालत आणि होड्या ओढून आणत. चौकाची जागा ठरवली ती वेल्सबोर्न नावाच्या ओढ्याने. खडूच्या टेकड्यांत मुरलेलं पाणी वर आलं की वाहणारा आणि एरवी कोरडा राहणारा हा ओढा स्टीनवरून येऊन समुद्राजवळ एका डबक्यात साचत असे. त्या डबक्याच्या जागेला आज पूल व्हॅली म्हणतात. १७९३ च्या सुमारास ओढा गटारात घालून डबकं झाकलं गेलं. लंडनहून येणाऱ्या बस आता तिथे उभ्या राहतात. बसमधून उतरणाऱ्यांतल्या फार थोड्यांना आपण पाण्यावर उतरलो हे माहीत असतं.

ओढा झाकला तरी त्याने आखलेलं शहर बदललं नाही. उत्तरेकडून दोन कोरड्या दऱ्या उतरतात. एकीतून लंडन रोड येतो, दुसरीतून लूईस रोड. लेव्हल नावाच्या सपाट मैदानापाशी दोन्ही मिळतात आणि स्टीनमार्गे समुद्राला भिडतात. ब्रायटनमध्ये गाडी चालवणारा प्रत्येक जण, त्याला ठाऊक असो वा नसो, पाण्याच्या वाटेने गावात येतो. टेकड्यांवरून जाणारे रस्ते निराळे : डिचलिंग रोड डिचलिंग गावाकडे, डाइक रोड डेव्हिल्स डाइक या खोल दरीकडे. प्रेस्टन ड्रोव्ह या नावातला ‘ड्रोव्ह’ म्हणजे गुरंमेंढरं हाकत न्यायची वाट. आणि टेकड्यांच्या माथ्यावरून लूईसला जाणारी जग्ज रोड ही माझी आवडती वाट. लूईसचे लोक ब्रायटनच्या कोळ्यांना ‘जग्ज’ म्हणत. कोळणी मासे घेऊन याच वाटेने बाजार गाठत. शहराच्या मधल्या रस्त्यांना राजांची नावं लागली, पण डोंगरावरच्या या वाटेला कोळणींचं नाव आजही आहे.

आता शहराच्या सर्वांत महत्त्वाच्या गुपिताकडे वळू. ते शेतजमिनीत आहे.

जुन्या गावाभोवती पाच मोठी सामायिक शेतं होती. त्यांना ‘लेन’ म्हणत. बोळासाठीच्या इंग्रजी शब्दासारखाच उच्चार, पण स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आणि अर्थ साफ वेगळा. त्यामुळे ‘द लेन्स’ आणि ‘नॉर्थ लेन’ यांत पर्यटकांची हटकून गल्लत होते. पहिले गावातले बोळ, दुसरं गावाबाहेरचं शेत. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, लिटल आणि हिली अशी ही पाच शेतं. प्रत्येक शेताचे मोठे तुकडे पाडलेले होते आणि दोन तुकड्यांच्या मधून पाणंद जाई. तिला ‘लीकवे’ म्हणत. प्रत्येक तुकड्यात पुन्हा अरुंद, लांबच लांब पट्ट्या असत. या पट्टीला ‘पॉल-पीस’ असं नाव होतं. एका मालकाच्या पट्ट्या सलग नसत. इथे एक, तिथे दोन, अशा विखुरलेल्या असत.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते अशी समजूत पसरली, श्रीमंत मंडळी ब्रायटनला येऊ लागली आणि गाव फुगलं. १८०१ च्या जनगणनेत वस्ती सात हजारांच्या थोडी वर होती. १८४१ मध्ये ती शेहेचाळीस हजारांवर गेली. एवढ्या माणसांना घरं हवीत, तर शेतं विकली जाणार. पण विकत घेणाऱ्याला मिळणार काय? एक अरुंद पट्टी, जास्तीत जास्त दोन-चार. त्या पट्टीत मावेल असा एकच नकाशा शक्य होता : मधून एक चिंचोळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना छोट्या घरांच्या रांगा. शेजारची पट्टी दुसऱ्याची, त्याने आपला रस्ता वेगळा काढला. पट्ट्यांच्या टोकांना आडव्या पाणंदी होत्याच, त्यांचे मोठे रस्ते झाले.

नॉर्थ लेनमध्ये हे अजून डोळ्यांनी दिसतं. चर्च स्ट्रीट, नॉर्थ रोड, ग्लॉस्टर रोड, ट्रॅफल्गर स्ट्रीट हे पूर्व-पश्चिम जाणारे आडवे रस्ते. बहुतेकांच्या जागी पूर्वी पाणंदी होत्या. त्यांच्या मधून उत्तर-दक्षिण जाणारे बॉण्ड स्ट्रीट, गार्डनर स्ट्रीट, केन्झिंग्टन गार्डन्स, सिडनी स्ट्रीट हे पट्ट्यांच्या अंगाने काढलेले. नावं वाचा : बॉण्ड स्ट्रीट आणि केन्झिंग्टन ही लंडनच्या उच्चभ्रू भागांची नावं. घरं दोन मजली, एकाला एक चिकटलेली, कारागिरांची आणि मजुरांची. बांधणाऱ्याला भाडेकरू हवे होते, म्हणून त्याने लंडनची ऐट उसनी घेतली. ट्रॅफल्गर स्ट्रीटला नेल्सनच्या १८०५ च्या विजयाचं नाव मिळालं. पण नेल्सनच्या कितीतरी आधी त्या ओळीने बैल आणि औतं गेलेली होती.

हिली लेनवर आजचं हॅनोव्हर वसलं. नावाप्रमाणे तिथे चढ आहे. साउथओव्हर स्ट्रीट किंवा अल्बियन हिल चढताना धाप लागते. घोडागाडी चढेल का याचा विचार करून हे रस्ते आखलेले नाहीत, जमिनीचे तुकडे जसे पडले तसे ते गेले. राउंड हिल भागात तर चढ इतका तीव्र, की दोन रस्ते जोडायला लांबलचक पायऱ्याच बांधाव्या लागल्या. त्यांना ‘कॅट्स क्रीप’ म्हणतात.

रस्त्याची जागा बदलायची ताकद फार थोड्यांकडे होती. त्यांतला एक म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, पुढचा चौथा जॉर्ज. स्टीनच्या काठी त्याने घर घेतलं आणि पुढे जॉन नॅश या वास्तुरचनाकाराकडून १८१५ ते १८२३ च्या काळात त्याचा घुमट-मनोऱ्यांचा रॉयल पॅव्हिलियन करवला. ईस्ट स्ट्रीट तेव्हा आणखी उत्तरेकडे, त्याच्या बागेला खेटून जात असे. येणारेजाणारे घरात डोकावतात हे राजपुत्राला नको होतं. त्याने तो तुकडा बंद करवला आणि बदल्यात पश्चिमेला नवा रस्ता दिला. १८०५ मध्ये तो झाला. त्याचं नाव न्यू रोड, आणि दोनशे वर्षांनंतरही तो ‘न्यू’च आहे. त्याच्यावर १८०७ मध्ये थिएटर रॉयल उघडलं. २००७ मध्ये हा रस्ता नव्याने आखला : पदपथ आणि गाडीरस्ता यांतला उंचवटा काढला, माणसं आणि वाहनं एकाच फरसबंदीवरून जातील अशी रचना केली. ज्या रस्त्याचा जन्म लोकांना दूर ठेवण्यासाठी झाला, तिथे आज लोक बाकांवर तासन्‌तास बसतात. मला वाटतं, ब्रायटनमधला सर्वांत चांगला सार्वजनिक निर्णय हा असावा.

किनाऱ्यावरच्या किंग्ज रोडचं उद्घाटन याच राजाने १८२२ मध्ये केलं. त्या रस्त्यालगत एका हिंदी माणसाचं स्नानगृह होतं. शेख दीन महंमद, जन्म १७५९, पाटणा. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतून आयर्लंडला आला, १७९४ मध्ये इंग्रजीत पुस्तक छापणारा पहिला भारतीय लेखक ठरला आणि अखेर ब्रायटनमध्ये वाफारा व मालीश यांचं स्नानगृह काढून चौथ्या जॉर्जचा आणि चौथ्या विल्यमचा मर्दनतज्ज्ञ झाला. चंपीसाठीचा आपला शब्द इंग्रजांच्या घराघरांत पोहोचला, त्यात त्याचा हात मोठा आहे. १८५१ मध्ये तो वारला. सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. स्नानगृहाच्या जागी आता क्वीन्स हॉटेल आहे. जागा त्याची, रस्ता राजाचा, हॉटेल राणीचं.

राजपुत्राच्या मागोमाग बिल्डर आले. थॉमस रीड केम्प हा खासदार आणि ब्रायटनच्या जमिनीचा एक मोठा मालक. त्याने १८२३ पासून पूर्वेच्या कड्यावर केम्प टाउन उभारायला घेतलं. ससेक्स स्क्वेअर, लूईस क्रेसेंट, चिचेस्टर टेरेस, अरुंडेल टेरेस अशी सगळी नावं त्याने परगण्यातली आणि त्यातल्या जुन्या गावांची निवडली. नॉर्थ लेनच्या बांधणाऱ्यांनी लंडन उसनं आणलं, केम्पने ससेक्सच्या घराण्यांना शोभेल असा दिमाख आणला. त्याच्याकडे सलग जमीन होती, म्हणून त्याला चौक आणि अर्धवर्तुळं काढता आली; पॉल-पीसच्या पट्टीत अर्धवर्तुळ मावत नाही. पण पैसा पुरला नाही. कर्जामुळे १८३७ मध्ये त्याने इंग्लंड सोडलं आणि १८४४ मध्ये तो पॅरिसला वारला.

हेन्री फिलिप्सची कथा याहून दुःखाची. हा वनस्पतींचा अभ्यासक. उष्ण देशांतली झाडं ब्रायटनमध्ये काचेच्या घुमटाखाली वाढवायची, हे त्याचं स्वप्न. पहिला बेत निधीअभावी बारगळला. त्याची खूण म्हणून ओरिएंटल प्लेस हा रस्ता उरला. या नावाचा पूर्वेशी संबंध इतकाच, की न झालेल्या बागेला ‘ओरिएंटल’ म्हणायचं ठरलं होतं. दुसऱ्यांदा शेजारच्या होव्हमध्ये लोखंड आणि काचेचा प्रचंड घुमट खरोखरच उभा राहिला. रोमच्या सेंट पीटरच्या घुमटापेक्षा तो रुंद होता. १८३३ मध्ये, उद्घाटनाच्या तोंडावर, आतले आधार काढताच तो कोसळला. या धक्क्याने फिलिप्सची दृष्टी गेली असं सांगतात. मोडतोड तिथे कितीतरी वर्षं पडून होती.

त्याच जागी पुढे पामेरा स्क्वेअर झाला. जमीन आयझॅक लायन गोल्डस्मिड या ज्यू बँकरची. ज्यूंना पार्लमेंटमध्ये बसता येत नव्हतं त्या काळात, १८४१ मध्ये, बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळवणारा तो पहिला ज्यू. पोर्तुगालच्या दरबाराने १८४६ मध्ये त्याला पामेराचा बॅरन केलं आणि होव्हच्या चौकाला ते नाव आलं. आसपासचे गोल्डस्मिड रोड, डाव्हिग्डोर रोड ही त्याच्याच घराण्याची आणि सोयरिकीची नावं. आता हे नॉर्थ लेनमधल्या एका तुटपुंज्या बोळाशेजारी ठेवून पाहा. त्याचं नाव ज्यू स्ट्रीट. १७९२ मध्ये शहरातलं पहिलं सिनेगॉग तिथे, मागच्या बाजूला, नजरेआड भरत असे. त्या बोळाला नाव दिलं ते बाहेरच्यांनी, ‘ते लोक तिकडे जमतात’ अशा अर्थाने. पामेरा स्क्वेअरला नाव दिलं ते घरमालकाने, स्वतःच्या मानाचं. दोन्हींमध्ये चालत अर्ध्या तासाचं अंतर आहे, काळाचं जेमतेम साठ वर्षांचं. इंग्लंडमधल्या ज्यूंच्या बदललेल्या दर्जाचा इतका नेमका पुरावा मला दुसरीकडे क्वचितच मिळाला.

रेल्वे १८४१ मध्ये लंडनहून थेट आली आणि तिने गावाचं तोंडच फिरवलं. स्टेशन टेकडीवर, समुद्र खाली. मधे गरिबांची दाट वस्ती. ती फोडून १८४५ मध्ये क्वीन्स रोड काढला. स्टेशनच्या दारातून सरळ खाली पाहिलं की समुद्र दिसतो तो या तोडफोडीमुळे. जुना ट्रॅफल्गर स्ट्रीट मात्र स्टेशनच्या अंगणाखालून, कमानीतून चढून येतो.

पुसल्या गेलेल्या नावांची यादीही लांब आहे. नॉर्थ लेनमधला पिम्लिको हा अति दरिद्री वाडा १८७० च्या दशकात पाडला आणि तिथे टिचबोर्न स्ट्रीट आला. फ्रेंच आक्रमणाच्या भीतीने १७९३ मध्ये किनाऱ्यावर तोफांचा मोर्चा बसवला होता. त्याच्या आठवणीने मागच्या भागात कॅनन प्लेस आणि आर्टिलरी स्ट्रीट ही नावं होती. १९६० च्या दशकात चर्चिल स्क्वेअर या बाजारसंकुलाने आर्टिलरी स्ट्रीट गिळला. कॅनन प्लेस उरला आहे, पण तोफेशी त्याचा संबंध जोडायला आता जोडीदार नाही.

एका जागेपर्यंत मात्र रस्ताच जात नाही. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून, रॉयल पॅव्हिलियनमध्ये आणि शहरातल्या आणखी दोन इमारतींत जखमी हिंदी सैनिकांची रुग्णालयं होती. मरण पावलेल्या मुस्लिम सैनिकांचं दफन वोकिंगला झालं. हिंदू आणि शीख सैनिकांना पॅचमच्या वरच्या टेकडीवर अग्नी दिला गेला. १९२१ मध्ये त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी राहिली. तिची कल्पना मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या वास्तुरचनाकाराची. २०१० मध्ये तिथे अग्नी दिलेल्या ५३ सैनिकांची नावं शिळेवर कोरली गेली. शहरातून छत्रीकडे जायचं तर शेवटचा टप्पा कुरणांतून पायी चढावा लागतो. टेकडीवर पाट्या नाहीत, डांबर नाही. नेऊन सोडतात ती जुनी मेंढवाटांसारखी पायवाट आणि कुंपणातली फाटकं.

शेवटी हद्दींकडे येऊ, कारण तिथे नावं सर्वांत चिवट असतात. ब्रायटन आणि होव्ह यांच्या जुन्या सीमेवर वेस्टर्न रोडपाशी बाउंड्री पॅसेज नावाचा लांबलचक ट्विटन आहे. होव्हची वृत्ती वेगळी होती : १८७० च्या दशकातल्या वसाहतीत त्यांनी फर्स्ट, सेकंड, थर्ड, फोर्थ अव्हेन्यू असे रुंद रस्ते काढले आणि मधोमध ग्रँड अव्हेन्यू ठेवला. पुढे एका वसाहतीत शेक्सपिअर, बायरन, शेली, कोलरिज, वर्ड्‌स्वर्थ अशा कवींची नावं दिली. होव्हच्या पश्चिमेच्या टोकाला पोर्टस्लेड सुरू होतं. तिथला एक बाजाररस्ता दोन नावांनी चालतो. पूर्वेकडच्या दुकानांचा पत्ता बाउंड्री रोड, होव्ह. समोरच्या, पश्चिमेकडच्या दुकानांचा पत्ता स्टेशन रोड, पोर्टस्लेड. १९७४ मध्ये पोर्टस्लेड होव्हमध्ये गेलं, १९९७ मध्ये होव्ह आणि ब्रायटन एक झाले, २००० मध्ये दोघांना मिळून शहराचा दर्जा जाहीर झाला. हद्द मोडून पन्नास वर्षं उलटली तरी दोन्ही नावं कायम आहेत, आणि पत्र टाकणाऱ्याला दुकान रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे आजही माहीत असावं लागतं.